रोहिणखेडची एसटी आणि पॅरिसची ‘ब्यूस’

१/ बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेड इतिहासाला परिचित आहे ते लढायांमुळे. खानदेशातून वऱ्हाडात शिरणाऱ्या जुन्या वाटेवरच्या या गावी बहमनी सैन्याने १४३७ च्या सुमारास नसीरखान फारुकीचा पराभव केला आणि १५९१ मध्ये बुऱ्हाण निजामशाहाने जमालखानाचा. पण वाटेवरून केवळ फौजा चालत नाहीत, शब्दही चालतात. येथे आज एसटीची वाट पाहणाऱ्याच्या तोंडी असलेले बस, तिकीट आणि डेपो हे तिन्ही शब्द फ्रान्समधून इंग्रजीमार्गे आलेले आहेत.

२/ शहरी सार्वजनिक वाहतुकीचा आरंभही पॅरिसचाच. १८ मार्च १६६२ रोजी गणितज्ञ ब्लेझ पास्कालच्या कल्पनेतून तेथे घोडागाड्या सुरू झाल्या. मार्ग ठरलेला, वेळ ठरलेली, भाडे पाच सू. मात्र पॅरिसच्या वरिष्ठ न्यायसभेने सैनिक, हुजरे आणि नोकरचाकर यांना त्यांत बसण्यास मनाई केली. ज्यांना पायपीट चुकत नव्हती, त्यांनाच दार बंद! पुढे काही वर्षांत ही सेवा थांबली.

३/ १८२६ मध्ये स्तानिस्लास बोद्री याने नांत शहरात पुन्हा अशी गाडी सुरू केली. तिचे नाव ‘ऑम्निबस’, म्हणजे लॅटिनमध्ये ‘सर्वांसाठी’. १८२८ मध्ये ती पॅरिसला आणि १८२९ मध्ये जॉर्ज शिलिबियरमार्फत लंडनला पोहोचली.

४/ संस्कृत शिकलेल्यांना यातील गंमत सहज कळेल. ‘ऑम्निबस’ हे चतुर्थीचे बहुवचन आहे. लोकांनी शब्द तोडला तेव्हा ‘सर्व’ गळाले आणि उरला तो विभक्तीचा शेपटीकडचा तुकडा. ‘बस’ म्हणजे नुसते ‘साठी’!

५/ ‘तिकीट’ हे जुन्या फ्रेंचमधील, चिकटवलेल्या चिठ्ठीच्या अर्थाच्या शब्दाचे इंग्रजी रूप. फ्रेंचांनी तेच पुढे ‘तिके’ म्हणून परत घेतले. ‘डेपो’चा शेवटचा ‘ट’ लिहिला जातो, पण उच्चारला जात नाही. ही सवय मूळची फ्रेंचच.

६/ तथापि ओळखीचे शब्द फसवतातही. फ्रेंच ‘काँद्युक्तर’ म्हणजे कंडक्टर नव्हे, तर चालक. तिकीट तपासणारा तो ‘काँत्रोलर’. ‘कोरेस्पाँदाँस’ ही पाटी पत्रव्यवहाराची नसून गाडी बदलण्याच्या जागेची असते. रेल्वे स्थानक ‘गार’, ‘स्तास्याँ’ मेट्रोचे.

७/ प्रवाशाला एवढी वाक्ये पुरेशी होतात:
• बाँझूर : नमस्कार. बसमध्ये चढताना चालकाला हे म्हणण्याची तेथे रीत आहे.
• अं तिके, सिल व्हू प्ले : एक तिकीट द्या.
• ऊ ए लारे द ब्यूस? : बसथांबा कोठे आहे?
• स ब्यूस व्हातिल आ ला गार? : ही बस रेल्वे स्थानकाला जाते का?
• पार्दों, झ देसां : माफ करा, मला उतरायचे आहे. गर्दीत सर्वाधिक उपयोगी पडणारे वाक्य हेच.

८/ १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. बुलढाणा त्या वेळी मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला. एसटीचे ब्रीद आहे ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’. ‘हिताय’ आणि ‘सुखाय’, दोन्ही चतुर्थी. पास्कालच्या गाडीने ज्यांना खाली उतरवले, त्यांच्यासाठी नांतच्या गाडीने आपल्या नावातच जागा राखली आणि एसटीने ती ब्रीदात लिहिली. फ्रेंच ही दूरच्या, बड्या लोकांची भाषा आहे असे रोहिणखेडच्या एखाद्या विद्यार्थ्याला वाटत असेल, तर त्याने खिशातले तिकीट एकदा मोठ्याने वाचावे. तिचा पहिला धडा त्याला केव्हाच पाठ झालेला आहे.