ठाकूर, शार्दूल नरेंद्र

(१६ ऑक्टोबर १९९१ – ). भारतीय क्रिकेटपटू, उजव्या हाताचा मध्यमगती गोलंदाज आणि तळाचा आक्रमक फलंदाज. मुंबई रणजी संघाचा खेळाडू व पुढे कर्णधार. ‘पालघर एक्स्प्रेस’ आणि ‘लॉर्ड’ ही टोपणनावे रूढ आहेत. दुसरे चेष्टेत सुरू झाले आणि २०२१ च्या ब्रिस्बेन कसोटीनंतर गंभीरपणे वापरात आले.

जन्म पालघरचा. तेव्हा पालघर हा ठाणे जिल्ह्यातला तालुका होता. स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. घर तालुक्यातील माहीम येथे. केळवे-माहीमचा हा किनारपट्टा नारळी-पोफळीच्या वाड्यांसाठी आणि विड्याच्या पानमळ्यांसाठी ओळखला जातो. वडील नरेंद्र ठाकूर हे नारळाचे बागायतदार. सुरुवातीचे शिक्षण पालघरच्या आनंद आश्रम कॉन्व्हेंटमध्ये आणि नंतर बोईसरच्या तारापूर विद्यामंदिरात झाले. अणुवीज केंद्र आणि एमआयडीसी यांमुळे वाढलेल्या या गावातील शाळा मुंबईच्या आंतरशालेय स्पर्धांत उतरत असे. शार्दूलच्या बाबतीत ही बाब निर्णायक ठरली, कारण मुंबईच्या मैदानांवर कोणी पाहिल्याशिवाय मुंबईच्या क्रिकेटमध्ये नाव लागत नाही.

रेल्वे आणि बोरिवली : २००६ मध्ये तारापूर विद्यामंदिराचा सामना बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलशी झाला. शार्दूलने ७८ धावा केल्या आणि पाच बळी घेतले. प्रतिस्पर्धी शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी हा मुलगा आपल्या शाळेत पाठवावा, असे त्याच्या वडिलांना सुचवले. रोहित शर्माला याच शाळेत आणणारे लाड ते हेच (द्रोणाचार्य पुरस्कार, २०२२). अडचण अंतराची होती. पालघर चर्चगेटपासून सुमारे ९० किलोमीटरवर, आणि उपनगरी लोकल त्या काळी विरारलाच संपत. त्यापुढे शटल आणि पॅसेंजर. एक चुकली की पुढचीची वाट पाहत फलाटावर बसायचे. डहाणूपर्यंत लोकल धावू लागली ती १६ एप्रिल २०१३ रोजी, म्हणजे शार्दूल रणजी खेळू लागल्यानंतर. लाड यांनी तोडगा काढला आणि मुलाला बोरिवलीत स्वतःच्या घरी ठेवून घेतले. मुंबईत होतकरू खेळाडूने काका-मामाकडे राहणे नवे नाही, पण प्रशिक्षकाने थेट घरात घेणे विरळाच. त्याच वर्षी हॅरिस शील्ड या आंतरशालेय स्पर्धेच्या एका सामन्यात शार्दूलने एका षटकात सहा षटकार मारले आणि ७३ चेंडूंत १६० धावा केल्या. गोलंदाज म्हणून नाव झालेल्या या खेळाडूची पहिली प्रसिद्धी फलंदाजीची आहे, हे पुढील कारकीर्द वाचताना ध्यानात ठेवावे.

गाडीतल्या प्रवासाबद्दल तो स्वतः पुष्कळदा बोलला आहे. अवजड किटबॅग घेऊन गर्दीत चढणाऱ्या मुलाला सहप्रवासी उगाच वेळ फुकट घालवू नकोस, भारताकडून खेळणे तुझे काम नाही, असे ऐकवत. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्याहून परतल्यावर तो विमानतळावरून अंधेरी स्थानकात आला आणि लोकलच्या पहिल्या वर्गाच्या डब्यात बसून पालघरला गेला. डब्यातल्या कॉलेजच्या पोरांनी मोबाइलवर फोटो शोधून खातरजमा करून घेतली आणि मग सेल्फी मागितले. जुने प्रवासी त्याला पाहत आले होते. त्यांना फोटो शोधावा लागला नाही.

मुंबईकडून : प्रथमश्रेणी पदार्पण नोव्हेंबर २०१२, जयपूर, राजस्थानविरुद्ध. पहिला हंगाम फसला : चार सामन्यांत चार बळी, सरासरी ८० च्या वर. वजन वाढलेले होते आणि ते कमी करण्याचा सल्ला सचिन तेंडुलकरने दिला, असे सांगितले जाते. फरक त्या एका सल्ल्याने पडला की अगोदरच सुरू झालेल्या मेहनतीने, याबाबत सांगणाऱ्यांत एकवाक्यता नाही. २०१३-१४ मध्ये २७ बळी. २०१४-१५ मध्ये दहा सामन्यांत ४८ बळी, डावात पाच किंवा अधिक बळी पाच वेळा. २०१५-१६ मध्ये ४१ बळी. त्या हंगामाची अंतिम लढत फेब्रुवारी २०१६ मध्ये पुण्याजवळ गहुंजे येथे सौराष्ट्राविरुद्ध झाली. शार्दूलने दोन्ही डावांत मिळून आठ गडी बाद केले. दुसऱ्या डावात २६ धावांत पाच. मुंबई एक डाव आणि २१ धावांनी जिंकली व ४१ व्या वेळी विजेती ठरली. याच सामन्यात सिद्धेश लाडने ८८ धावा केल्या. तो दिनेश लाड यांचा मुलगा. बोरिवलीच्या त्या एका घरातले दोघे जण रणजीच्या अंतिम सामन्यात एकत्र खेळले.

गोलंदाजी : उंची बेताची, वेग ताशी १३० ते १३५ किलोमीटरच्या आसपास. शिवण उभी ठेवून चेंडू बाहेर काढणे, मधूनच आखूड टप्पा, आणि मर्यादित षटकांत बोटांच्या पेरांत धरून टाकलेला संथ नकलबॉल. धावा रोखण्यात तो वाकबगार नाही. कर्णधार त्याच्याकडे चेंडू देतात ते जमलेली जोडी फुटत नसेल तेव्हा. सरासरीचा तक्ता हे दाखवत नाही. धावफलकातील गडी बाद होण्याचा क्रम दाखवतो.

कसोटी क्रिकेट : पदार्पण १२ ऑक्टोबर २०१८, हैदराबाद, वेस्ट इंडीजविरुद्ध. दहा चेंडू टाकल्यावर जांघेचा स्नायू दुखावला आणि तो मैदानाबाहेर गेला. या संघात आठवडाभर आधी पदार्पण केलेला विरारचा पृथ्वी शॉही होता, म्हणजे विरार आणि त्यापुढचा रेल्वेपट्टा एका कसोटीत हजर होता. दुसऱ्या कसोटीसाठी सव्वादोन वर्षे गेली.

ही दुसरी कसोटी जानेवारी २०२१ मधील ब्रिस्बेनची. बुमराह, शमी, उमेश यादव, अश्विन, जडेजा हे सारे जायबंदी होते, म्हणून जागा झाली. पहिल्या डावात त्याने मार्कस हॅरिसला बाद करून कसोटीतला पहिला बळी मिळवला. एकूण ९४ धावांत तीन. ऑस्ट्रेलियाच्या ३६९ समोर भारत सहा बाद १८६ असताना तो आठव्या क्रमांकावर आला. समोर पदार्पण करणारा वॉशिंग्टन सुंदर. खाते उघडले ते पॅट कमिन्सला हूकचा षटकार मारून, आणि अर्धशतक पूर्ण केले ते नेथन लायनला षटकार मारून. सातव्या गड्यासाठी १२३ धावांची भागी. शार्दूल ६७, सुंदर ६२. ऑस्ट्रेलियाची आघाडी ३३ धावांवर आली. दुसऱ्या डावात सिराजने पाच आणि शार्दूलने ६१ धावांत चार गडी टिपले. भारताने ३२८ चे लक्ष्य गाठून सामना व मालिका जिंकली. गाबावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर प्रथमच हरला. वृत्तपत्रांनी जागा ऋषभ पंतच्या नाबाद ८९ ला दिली आणि ते स्वाभाविकही होते. पण १२३ ची भागी नसती तर ३२८ चे लक्ष्य कितीवर गेले असते, हा हिशेब कागदावर करून पाहण्यासारखा आहे.

सप्टेंबर २०२१ मध्ये ओव्हलवर तसाच प्रसंग आला. भारत सात बाद १२७. शार्दूलने ३१ चेंडूंत अर्धशतक ठोकले आणि ५७ धावा केल्या; दुसऱ्या डावात ६० धावा करताना पंतबरोबर शंभर धावांची भागी केली. शेवटच्या दिवशी इंग्लंडची बिनबाद शतकी सलामी रोरी बर्न्सला बाद करून त्याने फोडली आणि पुढे जो रूटचा त्रिफळा उडवला. ओव्हलवर भारत यापूर्वी जिंकला होता तो अजित वाडेकरच्या नेतृत्वाखाली १९७१ मध्ये. सामनावीराचा मान १२७ धावांच्या खेळीसाठी रोहित शर्माला मिळाला आणि त्याने हा मान शार्दूललाही मिळायला हवा होता, असे जाहीर सांगितले. दोघे एकाच शाळेचे विद्यार्थी, एकाच गुरूचे शिष्य. जून २०२३ मध्ये जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात त्याने याच मैदानावर अजिंक्य रहाणेच्या साथीने ५१ धावा केल्या. ओव्हलवर लागोपाठ तीन अर्धशतके करणाऱ्या पाहुण्या फलंदाजांत यापूर्वी ब्रॅडमन व बॉर्डर यांची नावे होती.

जोहान्सबर्ग, जानेवारी २०२२ : ६१ धावांत ७ बळी. दक्षिण आफ्रिकेत एका डावात भारतीय गोलंदाजाने केलेली ही सर्वोत्तम कामगिरी. एल्गर, पीटरसन आणि व्हॅन डर डुसेन हे तिघे उपाहारापूर्वी गेले. व्हॅन डर डुसेनचा यष्टीमागील झेल जमिनीला टेकला होता की नाही यावर वाद झाला. निर्णय कायम राहिला. भारत तो सामना सात गडी राखून हरला.

२०२५ च्या इंग्लंड दौऱ्यातील लीड्स आणि मँचेस्टर धरून १३ कसोटींत ३३ बळी. यांपैकी बारा कसोटी परदेशातल्या आहेत. भारतभूमीवर कसोटीत त्याने टाकलेले चेंडू अद्याप हैदराबादचे दहाच. मायदेशी फिरकीपटू असतात आणि चौथ्या वेगवान गोलंदाजाला काम उरत नाही, हे त्याचे सरळ कारण.

मर्यादित षटके : एकदिवसीय पदार्पण ३१ ऑगस्ट २०१७, कोलंबो, ४७ सामने, ६५ बळी. टी-२० पदार्पण फेब्रुवारी २०१८, सेंच्युरियन. २५ सामने, ३३ बळी. एकदिवसीय पदार्पणाच्या वेळी अंगावर घातलेल्या १० क्रमांकाच्या जर्सीवरून तेंडुलकरच्या चाहत्यांनी गहजब केला. पुढे तो ५४ क्रमांक घालू लागला. क्रमांक कोणाच्या सांगण्यावरून बदलला याविषयी वेगवेगळे सांगितले जाते. २०२३ च्या विश्वचषकात तीन सामने.

आयपीएल : पंजाब, पुणे, चेन्नई (२०१८ व २०२१ ची विजेतेपदे), दिल्ली (१०.७५ कोटी रुपये), कोलकाता, पुन्हा चेन्नई, लखनौ. २०१९ च्या अंतिम सामन्यात शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या असताना मलिंगाने त्याला पायचीत केले आणि चेन्नई एका धावेने हरली. २०२३ मध्ये ईडन गार्डन्सवर २९ चेंडूंत ६८. २०२५ साठीच्या लिलावात कोणी बोली लावली नाही. बदली खेळाडू म्हणून लखनौत गेला आणि शंभर बळी पूर्ण केले. त्यानंतर मुंबई इंडियन्सकडे.

पुन्हा रणजी : आंतरराष्ट्रीय संघातील जागा डळमळीत झाल्यावर तो मुंबईकडे परतला आणि या काळातली त्याची फलंदाजी कसोटीतल्या फलंदाजीहून सरस आहे. मार्च २०२४ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर तमिळनाडूविरुद्धच्या उपांत्य सामन्यात मुंबई सात बाद १०६ होती. शार्दूलने जवळजवळ चेंडूला एक या गतीने १०९ धावा केल्या. प्रथमश्रेणीतले हे त्याचे पहिले शतक, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. विदर्भाविरुद्धच्या अंतिम सामन्यात वानखेडेवर ७५, आणि मुंबईचे ४२ वे विजेतेपद. ऑक्टोबर २०२४ मध्ये इराणी करंडकाच्या सामन्यात ताप असताना फलंदाजी केली आणि त्यानंतर लखनौच्या रुग्णालयात दाखल व्हावे लागले. जानेवारी २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरविरुद्ध रोहित, जयस्वाल, रहाणे, श्रेयस अय्यर असा भरणा असूनही मुंबईची अवस्था सात बाद ४७ झाली. शार्दूलने ५१ आणि दुसऱ्या डावात ११९ धावा केल्या. तरीही मुंबई हरली. पुढच्याच सामन्यात मेघालयाविरुद्ध त्रिक.

विवाह २०२३.

२०२५-२६ च्या हंगामासाठी रहाणेने नेतृत्व सोडल्यावर मुंबईचे कर्णधारपद त्याच्याकडे आले.