बेडकाला पाय किती?

मी आयुष्यभर इतिहास शिकवला, जीवशास्त्र नव्हे. तरी आज बेडकांवर लिहितोय, कारण ही गोष्ट शाळकरी मुलांपासून सुरू होते.

ऑगस्ट १९९५. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, हेंडरसन गावाजवळ एका शाळेची मुलं निसर्ग-अभ्यासाला गेली होती. तळ्याकाठी बेडूक पकडले, तर निम्म्यांचे पाय विचित्र! कुणाला जास्तीचा पाय, कुणाला एक कमी. मुलांनी नीट मोजदाद केली. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण खात्याला कळवलं गेलं, बातमी देशभर पसरली. संशय अर्थातच शेतातल्या कीटकनाशकांवर गेला.

खरं तर एक धागा १९९० सालीच छापून आला होता. स्टॅनली सेशन्स आणि स्टीफन रूथ यांना कॅलिफोर्नियातल्या अशाच बेडकांच्या अंगात चपट्या कृमींच्या गाठी सापडल्या होत्या. मग त्यांनी पिल्लांच्या पायांच्या अंकुरात बारीक मणी बसवून पाहिले. काहींच्या पायांत खरोखरच जादा भाग उगवले! पण हा कृमी नेमका कोणता?

ते १९९९ मध्ये कळलं. पीटर जॉन्सन या स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या सोबत्यांनी 'रायबेरोइया' कृमीच्या अळ्या बेडूकमाशांच्या पाण्यात सोडल्या. तळ्यात दिसणारी व्यंगं प्रयोगशाळेत जशीच्या तशी उमटली.

या कृमीचा प्रवासही पाहा. गोगलगायीतून निघायचं, बेडूकमाशाच्या कोवळ्या पायात घुसायचं. लंगडा बेडूक बगळ्याच्या तावडीत सहज सापडतो. बगळ्याच्या पोटात कृमी मोठा होतो, त्याची अंडी विष्ठेतून पुन्हा पाण्यात, आणि तिथून गोगलगायीत!

म्हणजे माणूस सुटला का? नाही. २००७ मध्ये जॉन्सन यांनीच दाखवलं की खतं वाहून तळ्यात आली की शेवाळ माजतं, गोगलगायी वाढतात आणि कृमीही. शिवाय प्रत्येक तळ्याचं उत्तर हा कृमी नव्हताच. काही ठिकाणी चतुराच्या अळ्या पिल्लांचे पाय कुरतडत होत्या.

इतिहासातही असंच असतं. एकच कारण सांगून मोकळं होणं सोपं, पण खरं कारण दोन-तीन वळणं घेऊन येतं. आमच्या पोरांना 'कारणे लिहा' या प्रश्नात एकच कारण लिहून भागत नसे, ते उगाच नव्हे!

नातवंडांना तळ्यावर न्याल, तर घाई करू नका. मोजू द्या त्यांना.