दिवारीचे दिवे : टेंभ्यापासून ऐकणाऱ्या माळेपर्यंत

१/
भंडारा जिल्ह्यातील साकोली हे मुंबई–कोलकाता महामार्गावरील तालुक्याचे गाव. भोवती धानाची शेते, तलाव आणि जंगल. दिवाळीत घरांवर विजेच्या माळा लावणे इथे आता नवे राहिलेले नाही. नवे आहे ते माळेला आज्ञा देण्याचे साधन. घरातल्या व्हॉइस असिस्टंटला सांगावे आणि अंगण उजळावे, अशी उपकरणे आज तालुक्याच्या गावीही घरपोच मागवता येतात. पण हे यंत्र नेमके कोणाचे बोलणे ऐकते?

२/
साकोलीत या प्रश्नाला विशेष वजन आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वभाग मिळून झाडीपट्टी होते. तिची बोली झाडीबोली. या बोलीत ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो, ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘श’च्या जागी ‘स’. डोळा होतो ‘डोरा’, पाणी होते ‘पानी’, आणि दिवाळी होते ‘दिवारी’. दिव्यांना आज्ञा देण्याचा इतिहास या ‘दिवारी’पर्यंत कसा येऊन ठेपला, ते पाहण्यासारखे आहे.

३/
प्रारंभ पणतीपासून. धानाच्या बांध्यांत उतेरा पीक म्हणून पेरलेला जवस, करंजाच्या आणि मोहाच्या बिया यांचे तेल पूर्व विदर्भात सहज उपलब्ध असे. तेलाचा दिवा स्वतःहून काही करीत नाही. वात सरसावी लागते, काजळी झाडावी लागते, वाऱ्याला हाताचा आडोसा द्यावा लागतो. दिव्याजवळ माणूस बसलेला असणे, हीच त्या काळची प्रकाशव्यवस्था होती.

४/
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खनिज तेल आले. ‘रॉक ऑइल’चे मराठीत ‘रॉकेल’ झाले, ‘गॅसलाइट’चे ‘घासलेट’. वाऱ्याने न विझणारा कंदील घरोघरी पोहोचला. पुढे कराडजवळच्या ओगलेवाडीतील काचकारखान्याने ‘प्रभाकर’ कंदील बनवला, तो महाराष्ट्रभर गाजला. या कंदिलाने दिव्याजवळच्या माणसाला थोडी मोकळीक दिली. वात चावीने वरखाली होऊ लागली आणि काचेने वाऱ्याची राखण केली. रोज संध्याकाळी काच पुसण्याचे काम मात्र सुटले नाही.

५/
झाडीपट्टीत दिवाळी लक्ष्मीपूजनाने संपत नाही. पाडव्याला गाईगुरांचे गायगोधन होते आणि भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरू लागतात. दिवसा बाजार आणि पाहुण्यांची वर्दळ, रात्री दंडार, खडी गंमत किंवा नाटक. पुरुषच स्त्रीपात्रे वठवीत आणि प्रयोग पहाटेपर्यंत चाले. विजेपूर्वी हा सगळा खेळ टेंभ्यांच्या उजेडात रंगे.

६/
टेंभा धरणाऱ्याचे काम वाटते तितके साधे नव्हते. पात्र पुढे सरकले की उजेड पुढे न्यायचा, ज्योत मंदावली की तेल द्यायचे, गाण्याची रंगत ओळखून जागा बदलायची. हा दिवा शब्दावाचून कळणारा होता, कारण तो माणसाच्या हातात होता. ‘टेंभा मिरवणे’ म्हणजे बढाई मारणे, असे मराठी सांगते. पण खरा टेंभेवाला स्वतः अंधारात राहून दुसऱ्याचा चेहरा उजळीत असे.

७/
टेंभ्याची जागा गॅसबत्तीने घेतली. ऑस्ट्रियाचे रसायनज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८८५ मध्ये गॅसच्या दिव्यासाठी जाळीदार मेंटल तयार केले. बर्लिनच्या कंपनीचा ‘पेट्रोमॅक्स’ दिवा दाब दिलेल्या रॉकेलवर तेच मेंटल प्रखर पेटवू लागला. पंप मारला की उजेड वाढे, दाब उतरला की मंद होई. मंडपात पंप मारणारा माणूस आता टेंभेवाल्याचा वारस झाला.

८/
याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला सणाचा दिवा विजेवर चालू लागला होता. २२ डिसेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी घरातील नाताळचे झाड ८० विजेच्या दिव्यांनी उजळले. दिवे लाल, पांढरे आणि निळे होते. झाड विजेच्या बळावर फिरत असे आणि फिरता फिरता दिवे आपोआप लागत-विझत.

९/
तरुण अभ्यासकांनी या घटनेतील एक तपशील टिपून ठेवावा. सणासाठी वीज वापरली गेली, त्याच वेळी दिव्यांचे लागणे-विझणेही यंत्राकडे सोपवले गेले. स्वयंचलित रोषणाई ही एकविसाव्या शतकाची कल्पना नव्हे, ती विद्युत रोषणाईची जुळी बहीण आहे. १८८२ मध्ये मात्र अशी चैन विजेच्या धंद्यातील माणसालाच परवडत होती.

१०/
साकोलीची वाट लांबची होती. भंडारा जिल्हा ब्रिटिश काळात मध्य प्रांतात होता. स्वातंत्र्यानंतर तो मध्य प्रदेशात राहिला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. १९७४ मध्ये नागपूरजवळ कोराडीचे औष्णिक केंद्र सुरू झाले. विदर्भातील खेड्यांचा अंधार अशा टप्प्यांनी, तारेमागून तार ओढत हटला.

११/
वीज आली तशी तिच्यामागून ‘सिरीज’ आली. हा शब्द दुकानातून घराघरात गेला, पण त्यात विद्युतशास्त्र दडले आहे. छोटे दिवे एकापाठोपाठ एकाच तारेत जोडले की घरचा २३० व्होल्टचा दाब त्यांच्यात वाटला जातो. ५० सारखे दिवे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ४.६ व्होल्ट येतात. म्हणूनच नाजूक दिवा जळून जात नाही. आणि म्हणूनच एक दिवा गेला की सगळी माळ विझते.

१२/
ही माळ लुकलुकवण्याची युक्ती भारतीय घरांनी स्वस्तात साधली. तिच्या तारेत ट्यूबलाइटचा स्टार्टर जोडायचा. स्टार्टरमध्ये दोन धातूंची पट्टी असते. तापली की ती वाकून मंडल जोडते आणि थंड झाली की सुटते. माळ लागे, विझे, पुन्हा लागे. जॉन्सन यांच्या फिरत्या झाडाने जे केले, ते एका स्टार्टरने गणपतीच्या आणि दिवाळीच्या आरासीत करून दाखवले. घरातील पहिली स्वयंचलित रोषणाई अशी टेबलावर उघड्या तारांसह उभी राहिली.

१३/
वीज असणे आणि वीज मिळणे यांत मात्र अंतर होते. २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने दीर्घ भारनियमनात काढली. संध्याकाळी दिवे जात, तेव्हा कंदील आणि पणत्या पुन्हा बाहेर निघत. दिव्याला आज्ञा देण्याची कोणतीही कल्पना आधी अखंड विजेवर उभी असते, हे त्या पिढीला पाठ्यपुस्तकाविना कळले.

१४/
मग दिवाच बदलला. जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये प्रखर निळा एलईडी सिद्ध केला. निळ्यावरून पांढरा प्रकाश मिळवता येऊ लागला. या शोधाबद्दल इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. भारतात जानेवारी २०१५ मध्ये ‘उजाला’ योजनेने एलईडी दिवे स्वस्त केले. जुन्या ६० वॅटच्या दिव्याचे काम ८-९ वॅटचा एलईडी करू लागला. रात्रभर माळ ठेवली तरी बिलाचा धसका उरला नाही.

१५/
दुरून आज्ञा देण्याचे तंत्र त्याआधीच तयार होते. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने ‘एक्स-टेन’ ही पद्धत शोधली. घरातील विजेच्या तारांतूनच संदेश पाठवून दिवे लावता-विझवता येत. हात दिव्यापासून दूर गेला, पण बटण हाताखालीच राहिले. बटण नाहीसे व्हायचे तर यंत्राला कान हवे होते.

१६/
यंत्राच्या कानाचा इतिहास एका खेळण्यापर्यंत मागे जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत ‘रेडिओ रेक्स’ नावाचा कुत्रा विकला जात असे. ‘रेक्स’ अशी हाक मारली की तो घरट्यातून उडी मारून बाहेर येई. प्रत्यक्षात त्याला नाव कळत नव्हते. त्या शब्दातील स्वराच्या कंपनाने विद्युतचुंबकाचा प्रवाह तुटे आणि स्प्रिंग सुटे. तेवढा स्वर जुळला तर कुत्रा धावे, नाही तर हाक वाया जाई.

१७/
१९५२ मध्ये बेल लॅब्जच्या ‘ऑड्री’ यंत्राने ० ते ९ हे अंक ओळखले. बोलणाऱ्याच्या आवाजाशी यंत्र आधी जुळवून घेतले तरच ते नीट चाले, अनोळखी आवाजाशी ते अडखळे. १९६२ मध्ये आयबीएमने सिएटलच्या जागतिक प्रदर्शनात ‘शूबॉक्स’ दाखवला. त्याला १६ शब्द कळत : दहा अंक आणि सहा आज्ञा. त्या सहांत एक होती ‘ऑफ’. आरंभापासून नियम एकच दिसतो : ज्यांचे बोलणे यंत्राला आधी ऐकवले जाते, त्यांचेच त्याला आधी कळते.

१८/
ॲमेझॉनची ‘अलेक्सा’ २०१४ मध्ये अमेरिकेत आली आणि २०१७ मध्ये भारतात. २०१८ मध्ये गूगल असिस्टंटला मराठी आली, २०१९ मध्ये अलेक्साला हिंदी. हे बदल लहान नव्हते. ज्या माणसाला टंकलेखन जमत नाही, त्यालाही यंत्राशी बोलता येऊ लागले. आजोबांना गुडघेदुखीत उठून बटण गाठायचे नसेल, डोळ्यांनी अधू व्यक्तीला अंगणातील दिवा लावायचा असेल, तर ही चैन राहत नाही, तो आधार होतो.

१९/
व्यवस्था अशी चालते. साधी माळ स्मार्ट प्लगमध्ये खोचतात, प्लग घरच्या वायफायला जोडतात आणि मोबाइलवरून त्याला नाव देतात. हाकेचा ठरावीक शब्द घरातले यंत्र स्वतः ओळखते. पुढचे वाक्य इंटरनेटवरून दूरच्या संगणकाकडे जाते, तिथे आवाजाचे शब्द होतात, शब्दांतून हेतू काढला जातो आणि आज्ञा प्लगकडे परतते. सूर्यास्ताला माळ लागावी आणि रात्री ठरल्या वेळी विझावी, असे वेळापत्रकही लावून ठेवता येते.

२०/
आवाजाचे शब्द होतात, त्या पायरीवर झाडीबोली अडते. संगणक ज्या नमुन्यांवर शिकतो, त्यांत विरळ असलेले उच्चार ओळखताना त्याच्या चुका वाढतात. ‘दिवारी’ हा शब्द त्याला कोणत्या खणात टाकावा कळत नाही. ‘ळ’चा ‘र’ होण्याच्या त्याच नियमाने ‘माळ’ची ‘मार’ होते, आणि प्रमाण मराठीत ‘मार’ हा भलताच शब्द. मग बोलणाराच जीभ वळवतो. प्लगला ‘लाइट वन’ असे नाव देतो आणि हिंदीत किंवा इंग्रजीत आज्ञा करतो. दिवा लागतो, पण घरातला शब्द विझतो.

२१/
शाळेत ‘पानी’ लिहिले म्हणून चूक मिळालेल्या पिढ्या या भागात झाल्या आहेत. त्यांना ही वळवणूक नवी नाही. फरक इतकाच की गुरुजींपुढे शाळेच्या वेळेपुरते जपून बोलावे लागे, हे यंत्र मात्र ओसरीवर येऊन बसले आहे. मूल जर घरातच पाहील की आजीच्या बोलण्याने दिवा लागत नाही आणि आपल्या बोलण्याने लागतो, तर कोणती बोली टाकून द्यायची हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही.

२२/
या बाजूने प्रयत्नही झाले आहेत. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा शब्दकोश सिद्ध केला आणि झाडीबोलीच्या साहित्य चळवळीला आकार दिला. शब्दकोश शब्द जपतो. यंत्राला मात्र लिहिलेला शब्द पुरत नाही, त्याला उच्चारलेला आवाज लागतो : वेगवेगळ्या वयांचा, बायकांचा, पुरुषांचा, शेतातला आणि बाजारातला.

२३/
बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गूगलच्या सहकार्याने चाललेला ‘वाणी’ प्रकल्प असे आवाज भाषेच्या नव्हे, तर जिल्ह्याच्या हिशेबाने गोळा करतो. त्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील जे जिल्हे आले, त्यांत गोंदिया आणि चंद्रपूर आहेत. १ मे १९९९ पर्यंत गोंदिया भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. म्हणजे साकोलीच्या शेजारचे बोलणे संगणकाच्या कानी पडू लागले आहे.

२४/
पणतीजवळचा माणूस, टेंभेवाला, गॅसबत्तीचा पंप मारणारा, स्टार्टर जोडणारा मुलगा : या सर्वांना दिवा लावण्याआधी घरातल्यांचे म्हणणे कळत होते. यंत्राला ते अजून शिकायचे आहे. ते शिकेल की नाही, हे कोणाचे आवाज त्याला ऐकवले जातात यावर ठरेल. पुढच्या दिवारीला एखाद्या नातवाने मोबाइलवर आजीचे बोलणे नोंदवून ठेवले, तर माळ लावण्याइतकेच ते सणाचे काम ठरेल.