जोगळटेंभीचा नाणेनिधी : विजेत्याचे चलन

आर्मेनियाचा राजा दुसरा टायग्रेनिस याने इ. स. पू. ८३ च्या सुमारास सीरिया हस्तगत केल्यावर अँटिऑक येथे रौप्य नाणी पाडली. त्यांच्या दर्शनी बाजूस आर्मेनियन मुकुट धारण केलेली त्याची प्रतिमा आहे. परंतु लेख ग्रीक असून मागील बाजूस अँटिऑकचीच नगरदेवता आसनस्थ आहे. विजेता जित प्रदेशाच्या चलनाचे काय करतो, हा प्रश्न महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासातही उपस्थित होतो.

नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ साली सुमारे १३,२५० रौप्य नाण्यांचा निधी सापडला. ही सर्व नाणी मूळची क्षहरात क्षत्रप नहपान याची. त्यांवर राजाचे मस्तक, ग्रीक लेख, आणि मागे बाण व वज्र यांसह ब्राह्मी व खरोष्ठी लेख आहेत. यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटविला : एका बाजूस पर्वतचिन्ह व स्वनाम, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी-चिन्ह.

गौतमीपुत्राने क्षहरात वंशाचा निःशेष उच्छेद केला, असे त्याची माता बलश्री हिच्या नाशिक येथील लेखात सांगितले आहे. निधीतील पुनर्मुद्रित नाणी या विधानास पुष्टी देतात. तथापि त्यांवरून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. ही नाणी वितळविण्यात आली नाहीत. पुष्कळांवर नव्या ठशाखाली नहपानाचा चेहरा ओळखू येतो. शिवाय सुमारे चार हजार नाणी मूळ रूपातच त्यांच्याबरोबर साठविलेली होती. संचय करणाऱ्यास दोहोंचे मोल सारखेच वाटत असावे, असे अनुमान करण्यास प्रत्यवाय नाही.

विदर्भातील पुरावा येथे तुलनेस घेण्याजोगा आहे. तऱ्हाळा येथे १९३९ साली सापडलेला व म. म. वा. वि. मिराशी यांनी प्रसिद्ध केलेला सातवाहनांचा मोठा निधी रौप्याचा नसून पोटिन या मिश्रधातूचा आहे. एकाच राजवंशाने प्रदेशपरत्वे भिन्न धातू स्वीकारले, याचे कारण तेथील रूढ व्यवहारात शोधले पाहिजे.

पुढे वासिष्ठीपुत्र पुळुमावी व यज्ञ सातकर्णी यांनी स्वतःची मुखांकित रौप्य नाणी पाडली, ती क्षत्रपांच्याच धर्तीवर. यास्तव जोगळटेंभीचा निधी केवळ विजयाचे स्मारक न मानता, पश्चिम महाराष्ट्रातील क्षत्रपकालीन चलनव्यवस्था सातवाहनांनी आत्मसात केल्याचा पहिला टप्पा मानणे अधिक सयुक्तिक ठरेल.