मुअल्लिम ते पंतप्रधान : अबुबकर तफावा बलेवा

मकतबात शिकलेल्या आपल्या मुलांना 'मुअल्लिम' हा शब्द नवा नाही. शिकवितो तो मुअल्लिम. पश्चिम आफ्रिकेतील हौसा भाषेत याच अरबी शब्दाचे 'माल्लम' असे रूप झाले. नायजेरियाचे पहिले पंतप्रधान अबुबकर तफावा बलेवा यांना ब्रिटिश सरकारने 'सर' हा किताब दिला, हज केल्यावर लोक त्यांना 'अल्हाजी' म्हणू लागले; परंतु त्याआधी कितीतरी वर्षे ते 'माल्लम अबुबकर' होते. आपल्या पालकांनी व विद्यार्थ्यांनी मुद्दाम अभ्यासावे असे हे चरित्र आहे.

बलेवांचा जन्म १९१२ साली उत्तर नायजेरियात, बौचीच्या मुलखातील तफावा बलेवा या गावी झाला. गावाचे नाव हेच पुढे त्यांचे आडनाव झाले. घराणे अमिरांचे नव्हते; वडील एका सरदाराच्या पदरी नोकरीस होते.

त्या काळची परिस्थिती समजून घेतली पाहिजे. उत्तरेत कुराण शिकविणारे मदरसे पिढ्यान्‌पिढ्या चालत होते, विद्वानांची परंपरा मोठी होती. पण नव्या शिक्षणाच्या शाळा फारच थोड्या. १९०३ च्या सुमारास मुलूख ताब्यात घेताना इंग्रजांनी धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचन अमिरांना दिले होते. त्यामुळे मिशनरी बहुतांशी बाहेर राहिले. दक्षिणेत शाळा काढल्या त्या मिशनऱ्यांनीच. नव्या शाळेत मुलगा धर्मापासून दुरावेल, ही भीती उत्तरेतील आईबापांनाही होती. परिणाम असा झाला, की उत्तरेतील रेल्वेत आणि कचेऱ्यांत लिहिणारा बाबू बहुधा दक्षिणेकडचाच असे.

अशा वेळी अबुबकर काट्सिनाच्या अध्यापक विद्यालयात दाखल झाले आणि १९३३ साली बौचीच्या शाळेत शिक्षक म्हणून परतले. पुढे तेथेच मुख्याध्यापक झाले. याच सुमारास त्यांनी हौसा भाषेत 'शैहू उमर' ही छोटी कादंबरी लिहिली. गुलामांच्या व्यापारात आईपासून तुटलेला मुलगा मिसरमध्ये शिकून आलीम होतो, अशी तिची कथा आहे. हौसा भाषेतील अगदी पहिल्या कादंबऱ्यांत तिची गणना होते.

१९४३ साली बौचीत काही तरुणांनी एक चर्चामंडळ काढले. बलेवा, अमिनु कानो व सादु झुंगुर हे त्यातील प्रमुख. देशाचा कारभार कसा चालतो, यावर तेथे मोकळेपणाने बोलले जाई. पुढे १९४५-४६ मध्ये लंडन विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र संस्थेत बलेवांनी अध्ययन केले. परतल्यावर ते शिक्षण खात्यात अधिकारी झाले आणि लवकरच उत्तरेच्या विधिमंडळात निवडून गेले.

तेथे १९५० साली त्यांनी केलेले भाषण गाजले. अमिरांच्या नावाने चालणाऱ्या स्थानिक कारभारातील लाचलुचपतीवर त्यांनी सरळ बोट ठेवले व चौकशीची मागणी केली. ज्यांची सत्ता, त्यांच्याच मुलखात राहून हे बोलणे सोपे नव्हते.

त्यांचा आणखी एक गुण घेण्यासारखा आहे. नायजेरियाची एकता ही इंग्रजांनी वरून लादलेली आहे, असे ते १९४८ च्या सुमारास म्हणत. १९५५ साली वाहतूकमंत्री असताना ते अमेरिकेस गेले. नाना वंशांचे लोक तेथे एक राष्ट्र म्हणून नांदताना पाहून त्यांचे मत पालटले. चाळिशी ओलांडल्यावरही हा शिक्षक शिकत होता!

१९५७ साली ते पंतप्रधान झाले आणि त्यांनी विरोधकांनाही मंत्रिमंडळात घेतले. १ ऑक्टोबर १९६० रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा सूत्रे त्यांच्याच हाती होती. परंतु पुढचा काळ कठीण गेला. प्रांताप्रांतांतील वैर वाढले. १९६४ च्या निवडणुकीवर मोठ्या पक्षांनी बहिष्कार घातला. पश्चिम प्रांतात जाळपोळ व रक्तपात झाला आणि तो त्यांना वेळीच थांबविता आला नाही. हा दोष इतिहास त्यांच्याकडे लावतो, आणि तो आपणही झाकू नये. १५ जानेवारी १९६६ च्या लष्करी बंडात त्यांना पळवून नेऊन ठार करण्यात आले. काही दिवसांनी लागोसबाहेर रस्त्याच्या कडेला त्यांचा मृतदेह सापडला. वय अवघे त्रेपन्न. बौचीत त्यांची कबर आहे, आणि तेथील विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे.

पालक बंधुभगिनींनो, गरिबाघरचा मुलगा पंतप्रधान झाला, एवढेच सांगून हे चरित्र संपत नाही. उत्तर नायजेरियात लाखो मुले होती. काट्सिनापर्यंत पोचली ती मूठभर. शाळा, कायदा, कारभार, राजकारण या साऱ्यांचे ओझे त्या मूठभरांच्या खांद्यावर पडले. एक बलेवा कितीही थोर असला, तरी समाजाची उणीव एकट्याने भरून निघत नाही. त्यासाठी घराघरांतून शिकलेली मुले आणि मुली पुढे याव्या लागतात.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यातून पंतप्रधान होईल तो एखादाच. पण चांगला मुअल्लिम होणे पुष्कळांना शक्य आहे. आणि बलेवांची वाटचाल तेथूनच सुरू झाली होती.