प्रवाह संवेदक (सिंचनातील)

नळीतून किंवा चारीतून दर तासाला किती पाणी जाते हे मोजून तो आकडा नियंत्रकाला कळवणारे साधन. ठिबक संचात ते गाळणीनंतर, मुख्य नळीवर बसवतात. गाळणीच्या आधी बसवल्यास वाळू आणि शेवाळ त्याचे चक्र लवकरच अडवतात.

सर्वांत स्वस्त प्रकार चक्राचा. पाण्याच्या वेगाने पात्यांचे चक्र फिरते, त्यातील चुंबक प्रत्येक फेरीला बाहेरचा स्विच उघडतो-मिटतो आणि नियंत्रक हे ठोके मोजतो. एका लिटरला किती ठोके, हा गुणांक नियंत्रकात भरलेला असतो. तो चुकला की सगळेच माप चुकते. मोठ्या नळ्यांवरील मळसूत्री चक्राच्या मीटरला जर्मन अभियंता राइनहार्ट वोल्टमान याचे नाव आहे. त्याचे मूळ प्रवाहमापक 1790 चे. नळी अर्धवट भरलेली असेल किंवा पंप सुरू होताना हवा आली, तर चक्र हवेनेही फिरते व खोटे पाणी मोजते. वाकण आणि व्हॉल्व्हजवळ प्रवाह घुसळलेला असतो. म्हणून साधारणपणे संवेदकाआधी व्यासाच्या दहापट आणि नंतर पाचपट सरळ नळी ठेवतात. 75 मिमी नळीला आधी पाऊण मीटर. जागा वाचवण्यासाठी बसवताना नेमका हाच नियम मोडला जातो.

विद्युतचुंबकीय संवेदकात फिरणारा भाग नसतो. चुंबकीय क्षेत्रातून पाणी वाहिले की वेगाच्या प्रमाणात विद्युतदाब निर्माण होतो. शास्त्रज्ञ फॅराडेने 1832 मध्ये वॉटर्लू पुलावरून थेम्स नदीत हे मोजून पाहिले, पण यश आले नाही. गढूळ पाण्याला हा प्रकार उत्तम, मात्र महाग.

नुसत्या आकड्याला फारसा अर्थ नाही. तो अपेक्षित प्रवाहाशी ताडून पाहावा लागतो. ताशी 4 लिटरच्या 2000 ड्रिपरना 8000 लिटर लागतात. 6000 दिसले तर ड्रिपर चोंदले, गाळणी तुंबली किंवा दाब घटला. 11000 दिसले तर बहुधा उंदराने लॅटरल (ड्रिपर बसवलेली बारीक नळी) कुरतडली किंवा जोड सुटला. शेतीपंपाला रात्रीच्या पाळीत वीज मिळते तिथे नियंत्रकाने अशा वेळी स्वतःच पंप बंद करणे हा खरा उपयोग.

उघड्या चारीत मात्र नळीतले हे चक्र चालत नाही. तिथे घसा आवळलेली पक्की वाहिनी (फ्लूम) बांधतात आणि वरून ध्वनिलहरींनी पाण्याची खोली मोजून विसर्ग काढतात. महाराष्ट्रात 2005 च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना पाणी घनमापनाने द्यायचे असल्याने या मापावर आकारणी ठरते. खालच्या बाजूला गवत-गाळ साचून पाणी मागे फुगले, तर खोली वाढते आणि संस्थेच्या नावावर न मिळालेले पाणी मांडले जाते.