दिवेलागण ते निजानीज : महाराष्ट्रातील मुलाबाळांच्या घरची संध्याकाळ (१८५४–१९८२)

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात सणवार, व्रतवैकल्ये, लग्नकार्ये यांचे विवेचन विपुल आहे. त्या मानाने सणावाराची नसलेली, रोजची, साधी संध्याकाळ अभ्यासकांच्या दृष्टीतून निसटली आहे. याचे कारण उघड आहे. जे नित्य घडते त्याची नोंद कोणी करीत नाही. दिवाळीचा जमाखर्च वहीत सापडतो. पण मार्गशीर्षातील एखाद्या मंगळवारी लहान मुलांना कोणी जेवू घातले, दिवा किती वेळ जळला आणि घरातला कर्ता पुरुष केव्हा परतला, हे सांगणारा कागद मिळत नाही. अशा विषयाची साधने आडवाटेनेच गोळा करावी लागतात. कोशातील शब्द, दिव्यांचे प्रकार, कारखान्यांचे कायदे, नाणी व वजनमापे, आणि थोडीबहुत आत्मचरित्रे ही ती साधने होत.

प्रथम एका गोष्टीचा निर्देश करणे अवश्य आहे. ‘कामाच्या दिवसाची संध्याकाळ’ ही कल्पनाच आपल्याकडे अर्वाचीन आहे. पंतोजींच्या शाळेला सुट्टी असे ती अमावास्या, पौर्णिमा, प्रतिपदा, अष्टमी अशा तिथींना. शेतकऱ्याचा विसावा बाजाराच्या दिवशी, पोळ्याला किंवा गावच्या जत्रेला. वारांपैकी एक वार सुट्टीचा आणि बाकीचे कामाचे, अशी विभागणी प्रथम कचेऱ्यांनी व इंग्रजी शाळांनी आणली. कष्टकरी वर्गापर्यंत ती पोहोचण्यास बराच अवधी लागला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या पुढे मांडल्या, त्यांत रविवारची सुट्टी ही एक होती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, ही दुसरी. पहिली मागणी १० जून १८९० रोजी मान्य झाली, आणि तिची आठवण आजही ठेवली जाते. दुसरी मागणी मात्र विस्मृतीत गेली. वास्तविक प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची होती, कारण कामगाराला संध्याकाळ मिळावी एवढाच तिचा अर्थ होता.

मराठीत या वेळेला असलेली नावे पाहण्यासारखी आहेत. तिन्हीसांजा, कातरवेळ, दिवेलागण. मोल्सवर्थच्या कोशात ‘दिवेलागण’ हा शब्द काळवाचक म्हणूनच आलेला आहे. घड्याळ नसलेल्या घरात दिवा लावणे ही क्रिया हेच वेळेचे माप होते. त्या वेळेभोवती निषेधांचे एक कुंपण होते : झोपू नये, केर काढू नये, घराचे दार लावू नये, तान्हे मूल उघड्यावर ठेवू नये. देवापुढे व तुळशीपुढे दिवा लागला की मुलांनी हातपाय धुऊन ‘शुभंकरोति’ म्हणावे आणि वडीलधाऱ्यांना नमस्कार करावा. बाळाची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढावी. या आचारांकडे केवळ श्रद्धेच्या अंगाने पाहिल्यास त्यांचा एक व्यावहारिक भाग दृष्टीआड होतो. गुरे परतण्याची, दूध काढण्याची, चूल पेटविण्याची आणि पाणी भरून ठेवण्याची हीच वेळ. या घाईत लहान मूल कोठे आहे याची विचारपूस होण्यास सर्वांनी एका जागी, एका दिव्यापुढे येणे ही उत्तम युक्ती होती.

तो दिवा मात्र अगदीच मिणमिणता असे. कोकणात उंडीचे, देशावर करडईचे किंवा एरंडीचे तेल जाळीत. जे तेल दिव्यात जळते ते बहुधा पोटातही जाऊ शकते, किंवा विकून पैसा देऊ शकते. म्हणून तेल जपून वापरणे हा गृहिणीचा गुण मानला जाई. समई देवापुढे, पणती तुळशीपाशी, आणि माणसांच्या वाट्याला स्वयंपाकघरातील एखादा दिवा, अशी प्रकाशाची वाटणी होती. अशा उजेडात वाचन शक्य नव्हते. या एका भौतिक मर्यादेने संध्याकाळचे शिक्षण पाठांतराचे झाले, असे म्हणण्यास हरकत नाही. पाठांतरास उजेड लागत नाही.

या पाठांतराचे नाव परवचा. पांढरपेशा घरांत मुलगे ओळीने बसून पाढे, तिथी, वार, नक्षत्रे, महिने म्हणत. त्याला जोडून रामरक्षा किंवा भीमरूपी. घरातील आजोबा वा आजी ऐकत असत आणि चुकले तर तेथूनच दुरुस्त करीत. परवच्याचा जो भाग पुढील पिढ्यांना अनाकलनीय वाटू लागला तो अपूर्णांकांच्या पाढ्यांचा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे अनुक्रमे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच व साडेतीन यांची पटे. हा बुद्धीचा व्यायाम नव्हता, बाजाराची तयारी होती. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, शेराचे चार पावशेर, मणाचे चाळीस शेर. सर्व व्यवहार पावाच्या पटीत. चौदा आणे शेर भावाने पाऊण शेर जिन्नस घेतला तर साडेदहा आणे द्यावयाचे, हे दुकानापुढे उभे राहून क्षणात सांगता यावयास हवे. पाऊणकी पाठ असलेल्या मुलास ते येई. तात्पर्य, कुटुंबाच्या उपजीविकेशी परवच्याचा थेट संबंध होता. कारकुनी, दुकानदारी, सावकारी व कुळकर्णी वृत्ती ज्या घरांत होती, त्या घरांत तो नेटाने चाले. जेथे असा व्यवसाय नव्हता तेथे तो बहुधा नव्हताच.

यातील मुलींचे स्थान निराळे होते. मुलगे ओटीवर परवचा म्हणत तेव्हा मुली चुलीपाशी असत. कानावर पडेल तेवढे त्यांचे. घरातील स्त्रियांची संध्याकाळ पुरुषांची व मुलांची जेवणे उरकून, स्वतः जेवून, शेणगोळा फिरवून झाल्यावर सुरू होई, म्हणजे ती रात्रच असे. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) हे पुस्तक या दृष्टीने फार मोलाचे आहे. १८७३ साली विवाह होऊन त्या पुण्याला आल्या आणि न्यायमूर्तींनी त्यांचे शिक्षण रात्रीच्या वेळी आरंभिले. घरातील वडील स्त्रियांचा त्यास विरोध होता. त्या विरोधाचे सनातनीपणा हे एकच कारण देऊन भागत नाही. घरातील कामाच्या वाटणीत एका सुनेला स्वतःची वेळ मिळते, हाही त्यातील सल असावा. संध्याकाळच्या फुरसतीचा हिशेब घराघरांत असा चाले : एकाची वेळ दुसऱ्याच्या श्रमातून निघे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेल्या खनिज तेलाने हा हिशेब बदलला. अमेरिकेतून, आणि पुढे बाकूच्या खाणींतून रशियन तेल, मुंबई बंदरात उतरू लागले. मराठीने त्याला दोन नावे दिली. ‘रॉक ऑइल’चे राॅकेल झाले आणि ‘गॅसलाइट’चे घासलेट. तेलाबरोबर पत्र्याचा डबा आला, आणि तो रिकामा झाला की पाणी तापविण्यापासून धान्य साठविण्यापर्यंत त्याचे शंभर उपयोग झाले. पण तो विषय वेगळा. गरिबाघरी पत्र्याची चिमणी आणि बऱ्या घरी काचेचा कंदील आला. कऱ्हाडजवळील ओगलेवाडीच्या काच कारखान्याने ‘प्रभाकर कंदील’ काढून हा परदेशी दिवा स्वदेशी केला. कंदिलाची काच राखेने पुसून लख्ख करणे हे मुलांचे संध्याकाळचे नवे काम ठरले, आणि काच फुटल्याबद्दल बसलेला मार हा तर एका अख्ख्या पिढीचा समान अनुभव म्हणावा लागेल.

कंदिलाच्या उजेडात अक्षर दिसू लागले. तोंडी परवच्याशेजारी लेखी गृहपाठ येऊन बसला. मुलांसाठी मासिके निघू लागली. वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ १९०६ साली सुरू झाले, ते हाती धरून वाचणारा मुलगा कोणत्या उजेडात वाचीत होता याचा विचार वाङ्मयेतिहासात सहसा होत नाही. तथापि वाचनाने गोष्ट सांगण्याची प्रथा लगेच मागे पडली, असे समजणे बरोबर नाही. जेवण आणि झोप यांमधील काळ आजीचाच राहिला. भोपळ्यात बसून जाणारी म्हातारी, शेणाच्या घराचा कावळा आणि मेणाच्या घराची चिमणी ही मंडळी अंधारातच अधिक खुलत. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, तेव्हा प्रकरणांना प्रकरणे न म्हणता ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ असे म्हटले, आणि सायंप्रार्थनेनंतर मंडळी जमून श्याम बोलत आहे अशी योजना केली. अशा बेचाळीस रात्री आहेत. वाचकाला ही योजना समजावून सांगावी लागली नाही, यावरून संध्याकाळच्या कथनाची सवय समाजात किती मुरलेली होती हे कळते.

आतापर्यंतचे विवेचन ज्यांना संध्याकाळ होती त्यांच्याविषयी झाले. आत्मचरित्रे त्यांनीच लिहिली, त्यामुळे ‘जुनी मराठी संध्याकाळ’ म्हणून जे चित्र रूढ झाले ते मुख्यतः त्यांच्या ओटीवरचे चित्र आहे. त्याच काळात गिरणगावात काय चालले होते?

मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना १८५४ साली झाली. आरंभी गिरणीचा दिवस उजेडाबरोबर सुरू होई व उजेडाबरोबर संपे. विजेच्या दिव्यांनी ही नैसर्गिक मर्यादा काढून टाकली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी कामाचे तास बेसुमार वाढले. ज्या प्रकाशाने पांढरपेशा घरातील मुलाला वाचनाची वेळ दिली, त्याच प्रकाशाच्या प्रगत रूपाने कामगाराच्या मुलापासून त्याचा बाप रात्रीपर्यंत दूर ठेवला. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात बंदी केली. म्हणजे आठ वर्षांचे मूल स्वतःच गिरणीत असू शकत होते. प्रौढ पुरुषांच्या तासांवर कापडगिरण्यांत मर्यादा आली ती १९११ च्या कायद्याने, आणि तीही बारा तासांची. १९२२ मध्ये अकरा, १९३४ मध्ये दहा, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास नऊ, आठवड्याचे अठ्ठेचाळीस. हे आकडे कामगार चळवळीच्या इतिहासात वेतनाशेजारी मांडले जातात. घराच्या बाजूने वाचल्यास ते संध्याकाळ परत मिळविण्याचे टप्पे आहेत.

कामगारांपैकी अनेकांची मुले मुंबईत नव्हतीच. रत्नागिरी, सातारा भागांतून आलेला पुरुष खानावळीत जेवे, गाववाल्यांच्या खोलीत निजे. त्याची बायकामुले गावी असत. कोकणातील हजारो घरांत दिवेलागणीला कर्ता पुरुष नसणे ही अपवादाची नव्हे, तर नेहमीचीच स्थिती होती. जी कुटुंबे शहरात आली ती एका खोलीत राहिली. मुंबई सरकारच्या विकास खात्याने १९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे ज्या २०७ चाळी बांधल्या, त्यांतही बिऱ्हाडाला एकच खोली होती. चूल, पाळणा, आजारी म्हातारा आणि पोटभाडेकरू गाववाला, सगळे तीत. मुलांची संध्याकाळ त्यामुळे खोलीत न होता सज्जात, जिन्यावर आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली झाली.

स्त्रिया गिरणी कामगारांच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतक्या होत्या. दहा-अकरा तास काम करून येणाऱ्या आईला चूल पेटवावयाची, पाणी भरावयाचे. तान्ह्या मुलाला अफूची ‘बाळागोळी’ देऊन निजविण्याचा प्रघात होता, हे १९२० नंतरच्या चौकशीत नमूद झाले, तेव्हा अनेकांनी मातांच्या अज्ञानाला दोष दिला. गोळी अज्ञानापेक्षा तासांची होती. तास कमी होत गेले, पाळणाघरे आली, आणि उपदेशाने जे साधले नाही ते काही अंशी साधले.

श्रमिकांना संध्याकाळ द्यावी, ती शिक्षणासाठी द्यावी, हा विचार जोतीराव फुले यांनी १८५५ मध्येच पुण्यात रात्रीची शाळा काढून कृतीत आणला होता. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने १९११ नंतर मुंबईत हेच कार्य केले. या शाळांच्या बाकांवर बसणाऱ्यांत स्वतः बाप झालेले पुरुषही असत. मुलाला परवचा सांगण्यासाठी बापाने आधी स्वतः पाटी घ्यावयाची, असा हा उलटा क्रम होता.

१९३० नंतर पाळ्यांची पद्धत रुळली व पुढे ती तीन पाळ्यांची झाली. पहिल्या पाळीच्या बापाला दुपारपासून मोकळीक. दुसऱ्या पाळीचा मध्यरात्री परते. तिसऱ्या पाळीचा रात्री घराबाहेर, दिवसा झोपलेला. मुलांनी गोंगाट करू नये म्हणून त्यांना सज्जात पिटाळले जाई. एकाच मजल्यावरच्या दोन शेजारी खोल्यांत संध्याकाळ वेगवेगळ्या वेळी येत असे. खुद्द शहराच्या घड्याळांतही एकवाक्यता नव्हती : १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली तरी मुंबईची स्थानिक वेळ, तिच्याहून एकोणचाळीस मिनिटे मागे, १९५५ पर्यंत टिकून होती. गिरणगावाने या दोहोंपेक्षा भोंग्यावर विश्वास ठेवला.

परवच्याचा शेवट मात्र बहुधा समजतात तसा चित्रपटाने किंवा नभोवाणीने केला नाही. नभोवाणीचे मुंबई केंद्र जुलै १९२७ पासून चालू होते आणि त्यानंतर तीस वर्षे पाढे घुमतच होते. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर-मण जाऊन किलोग्रॅम आले, तेव्हा पावकी-औटकीच्या मागचा व्यवहारच नाहीसा झाला. ज्या आजोबांना सवायकी येत होती त्यांचे ज्ञान काही वर्षांतच निरुपयोगी ठरले, आणि संध्याकाळी मुलांना समोर बसविण्याचा त्यांचा अधिकारही त्याबरोबर ढिला झाला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, ते ही जागा रिकामी होऊन दशक लोटल्यावर. चाळीत ज्याच्या घरी संच असे त्याच्या दारात मजल्यावरची सगळी मुले बसत.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तिन्ही पाळ्या बंद पडल्या आणि गिरणगावातील बाप संध्याकाळी घरी बसू लागले. त्या वर्षी अनेकांनी मुलांना गावी धाडले.